खुन-शानची बादली

पेइ-लिंग : तीनदा तपासलं, आ-पा. पाण्यात विष नाही.

सुई-बोक : मग चौथ्यांदा तपास!

पेइ-लिंग : चौथ्यांदाही तेच येणार. तुम्ही ओरडलात म्हणून पाणी घाबरून बदलत नाही.

सुई-बोक : याच्यासाठी शिकवलं का तुला? आठ टाक्या भरून शोभेच्या कोळंब्या, आणि नव्या वर्षापासून एक पिल्लू नाही. एक! अख्ख्या फिंगतुंगमध्ये माझ्यासारखा लाल कोणाकडे नाही. पलीकडच्या बागेत तो खुन-शान जांबांवर फवारे मारत सुटलाय, आणि माझी स्वतःची मुलगी मला सांगते, पाण्यात काही नाही. मला कागद हवाय. तुझ्या प्रयोगशाळेचा शिक्का मारलेला.

पेइ-लिंग : खोट्या कागदावर मी शिक्का मारणार नाही.

सुई-बोक : म्हणजे तुझा बाप खोटं बोलतो.

पेइ-लिंग : बाप चुकतो. खोटं बोलणं वेगळं, चुकणं वेगळं. बसा. मी विचारते त्याचं उत्तर द्या. शिवी नको, उत्तर. मेलेल्या किती सापडल्या?

सुई-बोक : मेलेल्या नाहीत.

पेइ-लिंग : एकही नाही?

सुई-बोक : नाही म्हटलं ना! पण माद्या म्हाताऱ्या होतायत. येत्या थंडीपर्यंत एक उरणार नाही. वीस वर्षं मी आणि तुझ्या आईने वेचून वेचून हा लाल केला. ती गेली, आता हाही जाणार.

पेइ-लिंग : म्हणूनच नीट विचारतेय. कोळंबी ही किड्यांचीच चुलत बहीण. किडे मारायचं औषध पाण्यात उतरलं असतं तर आधी पिल्लं मेली असती, मग कात टाकताना मोठ्या मेल्या असत्या. कात नीट टाकतायत?

सुई-बोक : रोज सकाळी कातीच उचलतोय.

पेइ-लिंग : आणि पाठीवर पिवळं खोगीर दिसतं? अंड्यांचं?

सुई-बोक : सगळ्या माद्यांच्या पाठीवर. झकास, भरलेलं. पण पोटाखाली उतरत नाही. पाठीवर येतं आणि तिथेच विरतं. तोच तर त्याच्या औषधाचा प्रताप! मारत नाही, वांझ करतं.

पेइ-लिंग : असं औषध माझ्या तरी ऐकिवात नाही.

सुई-बोक : तुझ्या ऐकिवात नाही म्हणून जगात नाही! आधी रंग खाल्ला त्याने, मग वंश. माझ्या डोळ्यावरची पट्टी सुटली, मी भिंग लावून टाकीत पाहिलं, तर अर्ध्या कोळंब्या धुवून धुवून विटलेल्या फडक्यासारख्या. त्याच आठवड्यात खुन-शानने नवा फवारा आणला. आता बोल.

पेइ-लिंग : त्याच आठवड्यात तुमचं ऑपरेशनही झालं.

सुई-बोक : झालं म्हणून तर दिसलं! आता कसं सगळं लख्ख दिसतं. देवळाचा दरवाजा नवा रंगवलाय, तेही मी दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून पाहिलं.

पेइ-लिंग : देवळाचा दरवाजा कोणी रंगवलेला नाही.

सुई-बोक : रंगवलाय.

पेइ-लिंग : आत्ता तिथूनच आले मी. पोपडे निघालेत त्याचे.

सुई-बोक : तुला दरवाजाही तपासायचा असेल तर तपास!

पेइ-लिंग : दरवाजा राहू दे. त्या फिक्या कोळंब्यांचं काय केलंत?

सुई-बोक : काय करतात? काढल्या. फिकी ठेवली की पुढची पिढी फिकी. हे तुला आता मी सांगायचं?

पेइ-लिंग : सगळ्या काढल्यात?

सुई-बोक : आठही टाक्यांतून. शेवटची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत.

(दारात बादली आदळते. शेजारचा खुन-शान आत येतो.)

खुन-शान : मुद्दाम आपटली. नाहीतर उद्या देवळात सांगशील, चोरपावलांनी आला म्हणून. पेइ-लिंग, बरी आहेस ना पोरी? तू बस. माझं काम तुझ्या बापाशी आहे.

सुई-बोक : बाहेर हो.

खुन-शान : होतो की. इथे राहायला नाही आलो. काल भूमिदेवाच्या देवळात, चहा चालू असताना, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर तू टेबलावर हात आपटून म्हणालास, खुन-शान विष पिकवतो. आज सकाळी माझा नेहमीचा व्यापारी आला. त्याने जांब उचलला, नाकाशी धरला, परत ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. अरे आ-बोक, नुसतं पाणी भरलेल्या जांबाला कधी वास असतो का? तो कसला वास घेत होता, सांग!

सुई-बोक : त्याला समजलं असेल खरं काय ते.

खुन-शान : खरं मी बादलीत घालून आणलंय. ही माझ्या बागेतल्या टाकीची बादली. बरोब्बर फवाऱ्याखालची टाकी. बघ, बघ ना! नवा डोळा आहे तुझ्याकडे.

पेइ-लिंग : पिल्लं... आ-पा, केवढी पिल्लं आहेत यात! आणि ही मादी, पोटाखाली अंडी घेऊन.

सुई-बोक : कुठून आणल्यास या?

खुन-शान : कुठून म्हणजे? तुझ्याच. दर वर्षी ओंजळभर टाकाऊ देतोस की, टाकीतलं शेवाळ खायला, माझ्या ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून. या वर्षी नव्या वर्षानंतर तीन बादल्या दिल्यास. मी मनात म्हटलं, डोळा नीट झाला तसा म्हाताऱ्याचा हातही सैल झाला.

पेइ-लिंग : तीन बादल्या?

खुन-शान : काठोकाठ. तेव्हा अजून मी विषारी झालो नव्हतो.

पेइ-लिंग : आ-पा, नाच शेवटचा कधी पाहिलात?

खुन-शान : कसला नाच?

पेइ-लिंग : मादीने कात टाकली की तिचा गंध पाण्यात पसरतो, खुन-शान आ-पेह. मग सगळे नर तिला शोधत टाकीभर सैरावैरा पोहतात. आ-पा, कधी पाहिलात?

सुई-बोक : नव्या वर्षाच्या आधी.

पेइ-लिंग : आणि आता टाक्यांत नर किती आहेत?

सुई-बोक : आता तू मला नर ओळखायला शिकवणार! नर लहान असतो, बारीक असतो, जरा फिका अस... जरा! जरा फिका! हे बघ या बादलीतले. आरपार दिसतंय त्यांच्यातून. असला नर मी माझ्या टाकीत वीस वर्षांत ठेवला नाही.

पेइ-लिंग : ठेवलात. असलेच ठेवलेत.

सुई-बोक : पेइ-लिंग, तोंड सांभाळ!

खुन-शान : अरे, माझा हा शर्ट सांग कसला आहे?

सुई-बोक : तुझा शर्ट गेला खड्ड्यात.

खुन-शान : परवा म्हणालास, निळा नवा शर्ट घेतलास, विषाचा पैसा आला वाटतं. मी हा तुझ्या बायकोच्या दिवसकार्यालाही घातला होता. तेव्हा म्हणाला होतास, मातकट का घातलास.

पेइ-लिंग : आ-पा, उजव्या डोळ्यावर हात ठेवा.

सुई-बोक : कशाला?

पेइ-लिंग : ठेवा. डाव्याने बादलीत बघा. ज्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्याने.

सुई-बोक : त्याने धुरकट दिसतं.

पेइ-लिंग : दिसू दे. तो कडेला बसलेला बारका, त्याचा रंग सांगा.

सुई-बोक : लाल.

पेइ-लिंग : आता उजव्याने.

सुई-बोक : फिका.

पेइ-लिंग : पुन्हा डाव्याने.

सुई-बोक : लाल. आपला लाल. तुझ्या आईला दाखवायचो तोच.

पेइ-लिंग : मोतीबिंदूचा डोळा म्हणजे चहाचे डाग पडलेली काच. तिच्यातून बघितलं की नरही तांबूस दिसायचे. ती काच गेली, आणि ते जसे पहिल्यापासून होते तसे दिसले. तुम्ही नव्या डोळ्याला भिंग लावून एकूण एक नर वेचलात, आणि आ-पेहच्या टाकीत पोचवलेत. चार-दोन फिक्या माद्याही त्यांच्याबरोबर गेल्या, म्हणून पिल्लं तिकडे झाली.

सुई-बोक : त्या डॉक्टरला सांगायला काय झालं होतं?

पेइ-लिंग : सांगितलं होतं. मी शेजारी बसले होते. तुम्ही त्याला म्हणालात, मला रंग शिकवू नकोस.

खुन-शान : हेच, अगदी हेच म्हणाला असणार! बरं, झालं माझं काम. आण ती बादली.

सुई-बोक : थांब.

खुन-शान : का? विषारी पाणी आहे. तुझ्या फरशीला लागेल.

सुई-बोक : हे नर राहू देत इथे.

खुन-शान : बाजारातून आण की. पैशाला पासरी मिळतात.

सुई-बोक : बाजारातल्या नराने माझा लाल राहील का? तुला कळतंय मी काय म्हणतोय ते!

खुन-शान : कळतंय. ओरडतोयस तू. माणूस मागतो तेव्हा असा ओरडत नाही.

सुई-बोक : पेइ-लिंग, सांग याला.

पेइ-लिंग : माझ्याकडे बघू नका, आ-पा. यावर माझा शिक्का चालत नाही.

सुई-बोक : ...दे, खुन-शान.

खुन-शान : काय?

सुई-बोक : नर दे. मागतोय मी.

खुन-शान : घे. लागले तर टाकीत आणखी आहेत. बादली मात्र माझी आहे. उद्या संध्याकाळी परत आण. देवळात, चहा चालू झाला की.

सुई-बोक : देवळात कशाला? पाच पावलांवर तुझं घर आहे. घरीच आणून देतो.

खुन-शान : घरी ऐकायला मी एकटाच असतो.