पट्टा मी ताणला होता

ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळत आलो. बायकोने विचारलं तरी विषय बदलायचो. आता तुम्ही वही उघडलीच आहे तर लिहा, पण मध्ये थांबवू नका, एकदा थांबलो तर पुन्हा बोलणार न्हाय.

आम्ही भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. भाताची शेतं होती, तिथं आता गोदामं आहेत. तरुणपणी मी भिवंडीत लूमवर शिफ्ट केली, म्हातारपणी रिकामं बसवेना, म्हणून गोदामांच्या मागे टाकलेली पॅलेटची लाकडं आणून पडवीत पाट, चौरंग करू लागलो. हाताने चिरून चिरून खांदा गेला, तेव्हा पट्टाकरवत घ्यायची ठरवली, दोन चाकांवर दातेरी पट्टा फिरतो ते मशीन. सोबत नेलं युनूसभायला. युनूसभाय म्हणजे लूमवरचा माझा दोस्त, जॉबर, माग दुरुस्त करणारा. मी नव्या, चकचकीत पत्र्याच्या मशीनवर भाळलो, तर तो म्हणतो, अरे भोईर, ये अलमारी है, इसमें कपडे रख. मग एका बंद वखारीतलं जुनं बिडाचं मशीन दाखवलंन. चाक हाताने फिरवलं, अंगावर तळवा ठेवला, डोळे मिटून ऐकलं, म्हणाला, हेच घे.

दोन दिवस खपून त्याने ते लावलं. दोन्ही चाकं सूत धरून एका रेषेत आणली, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कागद सरकेल एवढीच फट ठेवली. आणि मला बजावलं, काम झालं की मूठ फिरवून पट्टा ढिला कर, सकाळी दोन फेरे देऊन ताण, एवढं विसरू नको. काय सांगू तुम्हाला, वर्षभर मशीन लोण्यासारखं चाललं.

खंडेनवमीला मशीन पुजायला घेतलं. ढिला पट्टा लोंबत होता, पूजेला बरा दिसेना. मी हळदकुंकवाच्या बोटांनीच मूठ फिरवून त्याला ताठ केला, वर झेंडूचा हार घातला. दसऱ्यालाही मशीन चालवलं नाही, पट्टा तसाच ताणलेला. तिसऱ्या दिवशी मेहुणा दत्ता चौरंगासाठी आला, लाकूड धरायला उभा राहिला, आणि मी रोजच्या सवयीने मुठीला दोन फेरे दिले. ताणलेल्यावर आणखी दोन. बटण दाबलं, पट्टा तुटला, दत्ताचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला.

पडवीत गर्दी झाली. कोणीतरी विचारलं, मशीन लावलं कोणी? माझ्या तोंडून निघून गेलं, युनूसने.

तो धावत आला. आधी दत्ताच्या हाताला फडकं बांधलं, मग मशीनची मूठ धरली. त्याच्या बोटांना कुंकू लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने बोटं सदऱ्याला पुसली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मेरेसे गलती हुई.

का म्हणाला, मला आजही कळत न्हाय. माझं सासर तुटू नये म्हणून असेल. पण त्यानंतर पूर्ण्यापासून मानकोलीपर्यंत कोणी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. ज्याला लोक गाडी पाठवून न्यायचे, तो मानकोलीला गोदामाच्या गेटवर वॉचमन झाला. मी जायचो तिथं, खरं सांगायचं ठरवून जायचो. तो स्वतःची खुर्ची मला द्यायचा, चहा मागवायचा, विचारायचा, दत्ता का हाथ कैसा है? मी म्हणायचो, बरा हाय. चहा संपायचा, मी उठायचो.

आता तो मालेगावला लेकीकडे असतो, ऐकू कमी येतं. परवा हिय्या करून फोन लावला. लेकीने उचलला, अब्बा नमाजला गेलेत, काही सांगायचं का चाचा? मी म्हटलं, त्याला सांग, पट्टा मी ताणला होता. ती म्हणाली, कौनसा पट्टा? मी म्हटलं, काही न्हाय बेटी, तब्येत विचारायला केला होता.