दारावरचा लाल दिवा

नाही हो वायरमनदादा, दिवा चांगला जळतो. बिघाड काही नाहीये — म्हणजे दिव्यात नाहीये. मला तो आपोआप विझायला हवाय. आत लेझर थांबला की दारावरचा दिवा बंद — माणसाच्या हातात ठेवायचाच नाही. एवढं जमेल ना तुम्हाला?

आत आम्ही काय करतो? अंड्यांचा ट्रे बघितलाय ना? तसा ट्रे — पण लेझरच्या प्रकाशाचा. खळग्याखळग्यात एकेक अणू बसवायचा, इतका गार की हालचाल जवळजवळ विसरतो तो. कशाला? तर धातूच्या आत इलेक्ट्रॉन कसे वागतात ते दिसत नाही, गणितालाही दाद देत नाही — मग हे अणू त्यांचं सोंग घेतात, आणि आम्ही फोटो काढतो. पण मधेच कुणी दार उघडलं, बाहेरची ऊब आत शिरली, की आरसे केसभर सरकतात — झालं, दिवसाची मेहनत पाण्यात. म्हणून हा दिवा. लाल असेपर्यंत दार उघडायचं नाही, वाजवायचंही नाही, फोन बाहेर कपाटात. घरी सगळ्यांना पढवून ठेवलेलं मी — बाबांना तर तोंडपाठ.

ते आले होते ना त्या दिवशी, मला न्यायला. आई दवाखान्यात, सारखं माझंच नाव घेत होती. आणि इथे दिवा लाल. बसले स्टुलावर — हो, हेच, तुम्ही चढलाय ते — पाऊण तास, चष्मा हातात धरून. मग मीच आपली बाहेर आले, आम्ही धावत सुटलो. आई पंधरा मिनिटांपूर्वी गेली होती.

बाबा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात — "पोरीनं अणू धरून ठेवले होते, सोडून कशी येणार?" कौतुकानं सांगतात हो. आणि मी मान डोलावते. अणू कुठले! फोटो केव्हाच निघाला होता. इतका सुरेख — एकही खळगा रिकामा नाही — मी खुर्चीत बसून नुसती बघत होते. आनंदात होते मी. दिवा बंद करायचा राहिला, एवढंच.

थांबलात का? करा की काम... पावलं वाजली का जिन्यात? बाबाच असणार, एक वाजता डबा आणतात. दिवा — आधी तो दिवा बंद करा, लाल दिसला तर तिकडेच थांबतील. आणि हे बघा, मी तुमच्याशी काही बोललेले नाही. निघा आता. उद्या या.