उलट्या तारा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी एका मोबाइलवर वाकल्या होत्या.

“आई, दादाचीच इलेक्ट्रिक गिटार लिलावाला आलीय! ओरखड्यावर माझं लाल नेलपॉलिश आहे बघ. आणि खाली लिहिलंय, ‘दोष: तारा उलट्या लावल्या आहेत.’”

“दोष म्हणे! डावखुरा होता माझा लेक. तो गेल्यावर डोळ्यांसमोर नको म्हणून मीच विकली गं.”

“तो वाजवायला लागला की तू ओरडायचीस, ‘अरे, मांडणीवरची भांडी थरथरतात!’”

“आता बसलीत मेली गप्प. तू बोली वाढव.”

“वाढवली. थांब... संपला लिलाव. आई, आपल्याला मिळाली!”

“विकणारा काय लिहितोय?”

“‘तारा सरळ करून पाठवू, की घरात कुणी डावखुरं आहे?’”

“आहे म्हणून सांग.”