काच वाकडी नाही

—गुण्याला प्रश्न विचारायचा नाही, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम, आणि शेवटचाही तोच. अहो, काच आधी खाली ठेवा, हात भरून आले असतील — त्या टेबलावर नको, घसरेल, ते आम्हीच बनवलंय — भिंतीला टेकवा. हां. गुण्या म्हणजे तो, खिळ्याला टांगलेला, लोखंडी, दोन हातांचा, सुताराचा काटकोन. चौकट जोडताना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना लावायचा, उरलेले दोन कोपरे आपोआप होतात. कोन मोजायचा नाही, कोनमापक दुकानात आणायचा नाही — मी कंपासपेटीतला आणला होता, काकांनी त्यावर चहाचा कप ठेवला, आणि रोज ताजा चहा त्याच जागी ठेवतात.

तुमची ही तिसरी खेप ना? आमच्या चौकटीत बसेना म्हणून दोनदा काच बदलून आणलीत, दोन्ही वेळा बाबांनी सांगितलं, काच वाकडी आहे. आज ते मी सांगायचंय. त्या प्लायच्या आडोशामागे तिघं बसलेत, आजोबा, बाबा आणि काका. रंधा चालू आहे तो नुसता दाखवायला, कान इकडे आहेत. मी 'काच वाकडी आहे' म्हटलं की उद्यापासून दुकान माझ्या हातात. नाही म्हटलं तर मावसभावाला बोलावणार. त्याला खिळा आणि स्क्रू यातला फरक कळत नाही, पण मान काय सुरेख डोलावतो!

हसताय काय? आमच्या गल्लीत कुणाला काही खटकत नाही, कारण सगळ्या गल्लीचं लाकूडकाम आमचं. तिरक्या चौकटीत तिरकं दार कसं चपखल बसतं! समोरच्या शिंपीणबाई घरात शिरताना डावीकडे झुकतात — इतकी वर्षं झुकल्या की आता भर रस्त्यातही झुकूनच चालतात, आणि समोरून येणारा तसाच झुकलेला, म्हणून कुणी कुणाला धडकत नाही. काका एकदा परगावी गेले, सरळ खोलीत उतरले, तर चक्कर! दुसऱ्या दिवशी परत. डॉक्टर त्यांचे कान तपासत बसले. आणि तुम्ही आलात बाहेरचे, तुम्हाला हवी काच. लाकूड तासता येतं, दामटता येतं. काच कोण दामटणार?

मग मी काय केलं — टेपला बंदी नाही, म्हणून तुमच्या चौकटीच्या बाजू मोजल्या. समोरासमोरच्या सारख्या. म्हणजे समांतरभुज चौकोन, म्हणजे समोरासमोरचे कोन सारखे आणि शेजारच्या दोन कोनांची बेरीज एकशेऐंशी. पण एकेक कोन किती? कोनमापकावर कप! मग म्हटलं, पाचरी आहेत की — आमच्या सगळ्या पाचरी एका मापाच्या, एकसारख्या निमुळत्या. अरुंद कोपऱ्यात टोकं आत करून एकीला एक चिकटवून मांडल्या, आठ बसल्या, बरोबर आठ. रुंद कोपऱ्यात दहा. एका पाचरीचा कोन ठाऊक नाही, त्याला म्हटलं क्ष. आठ क्ष अधिक दहा क्ष बरोबर एकशेऐंशी. अठरा क्ष बरोबर एकशेऐंशी. क्ष बरोबर दहा. म्हणजे एक कोपरा ऐंशीचा, दुसरा शंभरचा! तिथेच भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं. ते वाचलं आत्याने, आणि घरभर सांगत सुटली, पोरीचं कुणाशी तरी जमलंय. जेवताना बाबा विचारतात, हा क्ष करतो काय? मी म्हटलं, दहा अंशांचा आहे, अठरा जण एकत्र आले की सरळ होतात. आजोबा म्हणाले, एवढ्या मोठ्या कुटुंबात मुलगी द्यायची नाही.

काय म्हणालात? लोखंडाचा गुण्या वाकला कसा? — वाकतो की. म्हणजे कुणी गटाराचं झाकण उचकटायला घेतला, चेंडू आत गेला म्हणून, आणि त्यावर उभं राहून उड्या मारल्या, तर वाकणारच. लाल चेंडू होता. निघाला नाहीच शेवटपर्यंत. कुणी म्हणजे — कुणीही, अहो, सहा वर्षांची एखादी पोर, तिला काय कळतंय? पुसला फ्रॉकने, लावला खिळ्याला आणि बसले जेवायला. आजोबा दुकानातून आले, हातही न धुता उंबऱ्यात उभे राहिले, बराच वेळ माझ्याकडे बघत होते, आणि म्हणाले, आजपासून गुण्याला प्रश्न विचारायचा नाही. कुणीच नाही.

थांबा.

आजपासून, म्हणाले होते. त्याआधी — मला आठवतंय — त्याआधी ते रोज सकाळी फळीवर गुण्या धरून रेघ मारायचे, मग उलटा करून त्याच रेघेवर पुन्हा मारायचे, दोन्ही एकावर एक आल्या, म्हणजे गुण्या खरा, तरच काम सुरू. रोज. त्या दिवसानंतर कधीच नाही.

आजोबा! तुम्हाला कळलं होतं? सोळा वर्षं अख्खी गल्ली तिरकी केलीत, एक पोर रडेल म्हणून? एक थोबाडीत दिली असती तर भागलं असतं!

रंधा का थांबला?

नाही, बाबा, खाकरू नका. तरीही नाही म्हणणार मी. काच वाकडी नाही. चौकट वाकडी आहे, गुण्या वाकडा आहे, आणि तो मी वाकवला. किल्ली त्या मानवाल्याला द्या. आणि काका, तो कप उचला.

तुम्ही काच इथेच ठेवून जा. सध्या या दुकानात तेवढी एकच वस्तू काटकोनात आहे, तिच्या कोपऱ्याला लावून नवी चौकट कापते. परवा या. आता जा हो, बघत काय राहिलात! आणि दारातून जाताना डावीकडे झुका, कपाळमोक्ष होईल.