मी सांगितलं नव्हतं

जयंत : बसा ना विश्वासदादा. मघापासून नुसते खिडकी ते दार करताय.

विश्वास : तू बोल. मला उभ्यानंही ऐकू येतं.

जयंत : उद्या चौकशी कमेटी तुम्हाला एवढंच विचारणार, की मनोरमावहिनींचा रिपोर्ट जयंतनं कोणाच्या सांगण्यावरून उघडला. तुम्ही म्हणायचं, मीच सांगितलं होतं. शेजारी आहे, कॉम्प्युटर सेक्शनला आहे, म्हणून बघायला सांगितलं. बस, मामला खतम.

विश्वास : आणि नाही म्हटलं तर?

जयंत : माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. दोन पोरी घेऊन कुठे जाऊ?

विश्वास : उघडलास कशाला पण?

जयंत : हॉस्पिटलचे कॉम्प्युटर कारखान्याशी जोडले ना, तेव्हा लाइन बघत होतो. सगळ्यांच्या फाइली माझ्या टेबलावर दिसायच्या. त्यात वहिनींचं नाव दिसलं. काळजी वाटली, दादा.

विश्वास : काळजी वाटली तर माझं दार वाजवायचं होतं. समोर तर राहतोस.

जयंत : हेतू वाईट नव्हता.

विश्वास : शालिनीला सांगितलंस, तेही चांगल्या हेतूनं?

जयंत : जेवताना तोंडून निघून गेलं. बायको आहे. तिला म्हटलं होतं, कुठे बोलू नकोस.

विश्वास : ती तरी कुठे बोलली? सकाळी येऊन मनोरमाच्या गळ्यातच पडली. मनोरमा मेथी निवडत होती. म्हणाली, ‘अगं, कोण गेलं?’

जयंत : शालिनीला वाटलं, वहिनींना ठाऊक असणारच. खुद्द पेशंटलाच माहीत नाही, हे कोणाच्या मनात येईल?

विश्वास : मीच डॉक्टरांना थांबवलं होतं. आमच्या कल्पनाचं लग्न तोंडावर आलेलं. म्हटलं, नागपूरला लग्न आटोपून येऊ, मग मीच सांगीन.

जयंत : म्हणजे लपवलं तर तुम्हीही होतं. रागावू नका.

विश्वास : नाही रागावत. ते तिनं सोडून दिलं. रडली, मग उठून पोळ्या लाटायला लागली. ती अडली दुसऱ्याच गोष्टीवर. म्हणाली, ‘माझं दुखणं मला नाही सांगितलंत आणि शेजारी जाऊन सांगितलंत.’

जयंत : असं म्हणाल्या?

विश्वास : मी म्हटलं, मी कोणाला काही बोललो नाही. ती म्हणाली, डॉक्टर आणि तुम्ही सोडून ठाऊक कोणाला होतं? मी काय सांगणार? मला कुठे माहीत होतं, की तिचा रिपोर्ट तारेतून तुझ्या टेबलावर येतो. शालिनीला विचारलं, तर ती म्हणे, असंच कोणीतरी बोलत होतं.

जयंत : तसं बोल म्हणून मीच सांगितलं होतं. घाबरलो होतो.

विश्वास : आणि तरी रोज यायचास. ती माझ्याकडे पाठ करून पडलेली, आणि तू तिला मोसंबी सोलून द्यायचास. खास करोंदच्या मंडीतून आणलेली. वर म्हणायचास, ‘वहिनी, दादांवर रागवू नका.’

जयंत : रोज वाटायचं, आज सांगून टाकावं.

विश्वास : मला परवा कमेटीच्या चपराशाकडून कळलं. ती जाऊन दिवाळी झाली, तेव्हा.

जयंत : पाय धरतो तुमचे. पण दादा, वहिनी आता नाहीत. तुम्ही उद्या काय बोललात, त्यानं त्यांना काय फरक पडणार?

(विश्वास पहिल्यांदाच खुर्चीवर बसतो.)

विश्वास : ती असेपर्यंत आमचं एकच भांडण चालू होतं, जयंता. मी सांगितलं नव्हतं. तिनं शेवटपर्यंत मानलं नाही. आणि आता साहेबांपुढे जाऊन म्हणू, की तिचंच खरं होतं?

जयंत : पोरींकडे बघून तरी.

विश्वास : याला काढू नका, असं सांगीन. हात जोडून सांगीन. पण ते एक वाक्य नाही म्हणणार.

जयंत : मग मी काय सांगू तिथे?

विश्वास : मनोरमाला सांगायचं राहिलं, ते.