कच्ची शिलाई

(दुपार. टेबलावर लॅपटॉप आणि काचेला चीर गेलेला फोन. खिडकीपाशी खुर्चीत मावशीचे यजमान, म्हणजे भाचीचे काका, सगळं ऐकत बसलेले.)

भाची: मावशी, खरं सांग. फोन पडला की काकांनी फेकला?

मावशी: फेकला. पडला म्हणून सांगणार होते मी, पण तू मघापासून ती चीरच निरखते आहेस.

भाची: काच बदलता येईल गं. पण अर्धांगवायूने काकांची वाचा गेली त्या आठवड्यात हे ॲप करायला घेतलं मी. चित्रावर बोट ठेवायचं, फोन तो शब्द बोलणार. सोमवारी ते दोनशे पेशंटच्या हातात जायचंय, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच फेकून दिलं!

मावशी: मलाही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, यांना समजतं सगळं, वाचताही येतं, नुसता शब्द फुटत नाही. उजवा हात गेलाच. डाव्याने लिहायला जातात, तर ते अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही.

भाची: दोन आठवड्यांत चारदा उघडलंय फक्त. इथे नोंद दिसते मला. शेवटचं मंगळवारी, सकाळी अकराला. 'पाणी'वर एकोणीस वेळा बोट पडलंय.

मावशी: एकोणीस? मी तीन पेले आणले त्या दिवशी. तिसरा यांनी ढकलून दिला, मग फोन गेला भिंतीवर. पाच महिन्यांत स्वभावच बदललाय बघ.

भाची: काका, माझ्यासमोर एकदा वापरून दाखवाल? मी शिकवणार नाही, बोलणार नाही. आणि मावशी, तूही नाही. 'तिकडे दाबा' वगैरे काही नाही. नुसतं बघायचं.

मावशी: बसते तोंड शिवून.

भाची: घ्या काका.

मावशी: अहो, वरती बघा, वरती…

भाची: मावशी!

मावशी: बरं बाई.

भाची: … पुरे, काका. ठेवा फोन. बघितलंस, मावशी? धरायचा डाव्या हाताने आणि दाबायचंही त्याच हाताच्या अंगठ्याने. तो अंगठा या डाव्या कडेपलीकडे जातच नाही. आणि त्या कडेला आहे एकटं 'पाणी', खालच्या कोपऱ्यात. बाकीचं सगळं मी उजवीकडे मांडून ठेवलंय.

मावशी: का पण?

भाची: कारण मी उजव्या हाताची. पंचवीस जणांकडून तपासून घेतलं, सगळे ऑफिसातले. धडधाकट माणसं, नवे कोरे फोन. सगळे म्हणाले, झकास.

मावशी: म्हणजे आपल्या मापाचा सदरा शिवलास आणि गिऱ्हाइकाला चढवलास.

भाची: बोल, अजून बोल.

मावशी: मी नाही, हे बोलले असते. चाळीस वर्षं दुकान चालवलं यांनी. कच्चे टाके घालून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगात घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई म्हणून मारली नाही. बघ, बघ, हसताहेत! ओठाचा तो कोपरा हलला.

भाची: मग आपणही कच्चे टाकेच घालू, काका. मावशी, कागद आणि कात्री दे.

मावशी: कागद? मग हा लॅपटॉप कशाला वाहून आणलास?

भाची: लॅपटॉपवर चार बटणं हलवायची म्हणजे माझी दुपार जाते, आणि मग जीव गुंततो त्यात. कागद फेकून द्यायला काही वाटत नाही. ही चौकट कापली, अगदी फोनएवढी. चौसष्ट चित्रं नकोत. हे सहाच तुकडे, चांगले मोठे, एकेकावर एक शब्द. काका, तुम्हीच लावा. जिथे अंगठा पोचतो तिथे.

मावशी: अगं, 'पाणी' उचलून बाहेर ठेवलं की!

भाची: ठेवू देत.

मावशी: 'पंखा' वर. 'डॉक्टर' त्याच्याही वर. आणि खालची सगळ्यात चांगली जागा मोकळीच. तिथे बोट आपटताहेत बघ.

भाची: तिथे काय हवंय, काका? 'दुखतंय'? नाही? 'इकडे ये'? तेही नाही. 'झोप'? मान हलवताहेत… नको? नको म्हणताय? अगं मावशी! 'नको'!

मावशी: काय नको?

भाची: 'नको' हा शब्दच नाहीये! पाणी हवं, जेवण हवं, डॉक्टर हवेत. चौसष्टच्या चौसष्ट हव्याच्याच गोष्टी. आजारी माणूस कशाला नको म्हणेल, असं धरूनच चालले मी. थांबा, लिहिते… हे घ्या.

मावशी: कोपऱ्यात नाही लावला गं. उचलून कुठे दाखवताहेत?

भाची: शिलाई मशीनकडे. मावशी, मशीन अशी गाठोड्यात का बांधून ठेवलीय?

मावशी: उद्या न्यायला येणारेत. विकली. परवा तो माणूस बघून गेला ना.

भाची: परवा कधी?

मावशी: मंगळवारी. सकाळी… अगं बाई. अकरालाच.

भाची: काका, म्हणून?

मावशी: मला वाटलं, मशीन बघून जिवाला लागतंय यांच्या. मान हलवत होते, डोळे भरले होते. म्हटलं, नजरेसमोरच नको ती. एकोणीस वेळा ओरडून सांगत होते हे, आणि मी पाण्याचे पेले घेऊन धावतेय!

भाची: फोन पाणी म्हणाला, तू पाणी आणलंस. तुझं काय चुकलं?

मावशी: अहो, पण ठेवून करायचं काय? एका हाताने शिवणार कसे तुम्ही?

भाची: विचार ना त्यांना. हे दोन तुकडे आणखी घे. 'मी' आणि 'तू'.

मावशी: सांगा, कोण शिवणार? … 'तू'? मला सुईत दोरा ओवताना नाकी नऊ येतात, माहीत नाही का तुम्हाला? … परत 'तू'. आणि आता शेजारी 'मी' सरकवलं.

भाची: तू शिवायचं, काका शिकवणार. बरोबर, काका? … बरोबर म्हणताहेत. मावशी, रड नंतर, आधी मला एक फोन करू दे. हॅलो, सर? सोमवारचं पुढे ढकलायला लागेल. … नाही, बिघाड काही नाही. ॲप चालतं, माणसांना चालवता येत नाही. … डावा हात की उजवा, ते आधी विचारायचं. चित्रं थोडी, मोठी. आणि एक शब्दच राहिलाय. … बारा पेशंटच्या घरी जाते आधी, कागद घेऊन. … हो, उशिराची जबाबदारी माझी, लिहून देते. … तीन आठवडे? … दोन. चालेल, सर.

मावशी: ओरडले का?

भाची: थोडे. मग विचारलं, कोणता शब्द.

मावशी: आता माझा फोन दे इकडे. हॅलो, मशीनचं बोलायचं होतं. उद्या येऊ नका. … नाही, किमतीचं काही नाही. द्यायचीच नाहीये. … हो, कबूल केलं होतं मी, माफ करा. … छे, छे, माझ्या मनानं नाही. हे म्हणाले.