कचऱ्याच्या कोपऱ्यावरचा चहा

अरे ऐका ना, आमच्या हैदराबादच्या अंबरपेठेतल्या गल्लीचा कचऱ्याचा कोपरा संपला एकदाचा! बोर्ड लावले, भांडणं केली, काही फरक नाही. कोपऱ्यावरच्या लक्ष्मी आंटी तर वासाने वैतागून घर विकायला निघालेल्या. शेवटी आम्ही गल्लीवाल्यांनीच कोपरा साफ केला आणि रोज सकाळी तिथेच खुर्च्या टाकून चहा प्यायला लागलो. चौथ्या दिवशी एक स्कूटरवाला कचऱ्याची पिशवी घेऊन आला आणि आम्हाला बघून थबकला.

शेजारचे खानचाचा एकदम प्रेमाने म्हणाले, "आओ मियाँ, चाय पीके जाओ."

बिचारा पिशवी मांडीवर घेऊन चहा प्यायला. मग कागदी कप कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे बघायला लागला.

लक्ष्मी आंटी म्हणाल्या, "थैली है ना तुम्हारे पास. हमारे कप भी डाल लेओ."

नेले यार त्याने. आमचे आठ कप, स्वतःच्या कचऱ्यासकट, परत घरी.